बोललेल्या मराठीसाठी कोडबुक कसे घडवावे: व्हेक्टर क्वांटायझेशनची पहिली वाट

टेलिफोनच्या दर्जाचा आवाज सेकंदाला ८,००० सॅम्पल या वेगाने आणि प्रत्येक सॅम्पलला १६ बिट देऊन साठवला, तर एका सेकंदाला १,२८,००० बिट लागतात. जी.७११ हे टेलिफोनचे जुने कोडिंग तेच काम ६४,००० बिटांत करते आणि १९९६ साली आलेले जी.७२९ केवळ ८,००० बिटांत. एवढी घट ज्या मोजक्या कल्पनांमुळे शक्य झाली, त्यांत व्हेक्टर क्वांटायझेशनचे, म्हणजे आकड्यांच्या गटाऐवजी कोडबुक नावाच्या ठरलेल्या यादीतील सर्वांत जवळच्या गटाचा क्रमांक पाठवण्याच्या पद्धतीचे, स्थान फार वरचे आहे. नागपूर आणि विदर्भातील अभियांत्रिकीचे जे विद्यार्थी सिग्नल प्रोसेसिंगचा पहिला अभ्यासक्रम पूर्ण करून प्रकल्पासाठी विषय शोधत आहेत, त्यांना साध्या लॅपटॉपवर, स्वतः गोळा केलेल्या मराठी आवाजावर, पहिला चांगला क्वांटायझर उभा करता यावा यासाठी हा लेख लिहिला आहे. कोडबुक मोठे करणे कोणालाही जमते. ते लहान ठेवून कानाला फरक जाणवू न देणे ही खरी कसोटी आहे, आणि त्या कसोटीचा निकाल बराचसा ते कोणाच्या आवाजावर घडवले यावर ठरतो, असे माझे ठाम मत आहे.

एकेक आकडा की आकड्यांचा गट

नागपूरचे रोजचे कमाल आणि किमान तापमान कोणाला तरी कमीत कमी बिटांत कळवायचे आहे, असे समजा. मे महिन्यात कमाल ४५ अंशांच्या आसपास असते तेव्हा किमानही २८-३० च्या घरात असते. डिसेंबरात कमाल २८ पर्यंत उतरते तेव्हा किमान १२ च्या जवळ जाते. दोन्ही आकडे वेगवेगळे क्वांटाइझ केले, तर कमाल ४५ आणि किमान १२ अशा कधीही न येणाऱ्या जोडीसाठीही आपण एक कोड राखून ठेवतो. जोडी एकत्र घेतली, प्रत्यक्षात जिथे जोड्या दाटीने पडतात तिथेच प्रातिनिधिक बिंदू ठेवले आणि सर्वांत जवळच्या बिंदूचा क्रमांक तेवढा पाठवला, तर तितक्याच बिटांत चूक कमी होते. आकड्यांच्या अशा गटाला व्हेक्टर, प्रातिनिधिक बिंदूंच्या यादीला कोडबुक आणि यादीतील प्रत्येक बिंदूला कोडव्हेक्टर म्हणतात. पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे तीच यादी असते, त्यामुळे वाटेत फक्त क्रमांक प्रवास करतो.

परस्परसंबंधाचा हा फायदा सर्वांत मोठा असला तरी एकमेव नाही. आकडे एकमेकांशी पूर्ण असंबद्ध असले तरी अनेक मितींत जागा अधिक गोलसर पेशींनी भरता येते आणि त्यातून थोडा लाभ होतो. या लाभाची कमाल मर्यादा १.५३ डेसिबेल आहे, आणि आठ मितींच्या प्रसिद्ध ई-८ जाळीने (बिंदूंच्या नियमित मांडणीने) त्यातले सुमारे ०.६५ डेसिबेल हाती लागतात.

पहिली पायरी: आवाज गोळा करणे

बहुतेक नवखे ही पायरी उरकून टाकतात, म्हणून मी तिच्यावर अधिक वेळ घालवणार आहे. कोडबुक हे प्रशिक्षणाच्या आवाजाचेच प्रतिबिंब असते; त्या आवाजात जे नव्हते त्यासाठी यादीत जागा नसते, आणि जे अनावश्यक होते त्याने जागा अडवलेली असते.

नागपुरात यातील सर्वांत मोठा अडथळा म्हणजे कूलर. एप्रिल-मेमध्ये घरात किंवा वसतिगृहाच्या खोलीत केलेल्या ध्वनिमुद्रणात पंख्याची खालच्या पट्टीतील घरघर आणि हवेचा सर्वत्र पसरलेला सूं-सूं आवाज मिसळलेला असतो. या गोंगाटामुळे बोलण्याच्या वर्णपटातील (कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे याच्या आलेखातील) दऱ्या भरून निघतात, वरचे फॉर्मंट (स्वरमार्गाच्या अनुनादाने वर्णपटात उठणारे सुळके) सपाट होतात आणि कोडबुकमधील शेकडो जागा माणसाच्या आवाजाऐवजी कूलरच्या छटा साठवण्यात खर्च होतात. म्हणून मूळ मुद्रण कूलर बंद करून, शक्यतो सकाळी किंवा हिवाळ्यात, पडदे-गाद्या असलेल्या बंद खोलीत करावे. गोंगाटातही क्वांटायझर टिकला पाहिजे अशी गरज असेल, तर कूलरचा आवाज स्वतंत्रपणे नोंदवून ठरावीक प्रमाणात मिसळावा, म्हणजे किती मिसळले हे आपल्या हातात राहते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले व्हॉइस मेसेज प्रशिक्षणासाठी मुळीच वापरू नयेत. ते आधीच ओपस या कोडेकने (आवाज कमी बिटांत बसवणाऱ्या पद्धतीने) दाबलेले असतात, आणि मग आपले कोडबुक माणसाचा आवाज शिकण्याऐवजी दुसऱ्या कोडेकच्या खुणा शिकते. फोनवर मुद्रण करायचे असल्यास दाब न देता वेव्ह फाइल साठवणारे अ‍ॅप निवडावे, ४८,००० सॅम्पलच्या वेगाने मुद्रण करावे आणि योग्य फिल्टर लावून नंतर ८,००० वर आणावे.

बोलणारे निवडताना पुरुष, स्त्रिया, मुले आणि वयस्कर असे सर्व घ्यावेत, कारण स्वरमार्गाच्या लांबीबरोबर फॉर्मंटच्या जागा सरकतात. बोलीचाही विचार करावा. वऱ्हाडी वळणाच्या बोलण्यात ‘काळा’चे ‘काया’ आणि ‘डोळा’चे ‘डोया’ होते. म्हणजे केवळ अशाच वक्त्यांवर घडवलेल्या कोडबुकला ‘ळ’चा वर्णपट क्वचितच भेटलेला असतो, आणि उलट पुस्तकी वाचनावर घडवलेल्या कोडबुकला आपल्या बाजारात सहज कानी पडणारे बोलणे अनोळखी वाटते. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील दोन ‘च’ घर्षणाच्या वेगळ्या जागी उच्चारले जातात, पण टेलिफोनची पट्टी ३,४०० हर्ट्झच्या आसपास संपत असल्याने तो भेद तिच्यात पुसट होतो. तो जपायचा असेल तर पुढे १६,००० सॅम्पलचा क्वांटायझर करावा लागेल. लिहून दिलेली वाक्ये वाचवून घेण्याबरोबर मोकळ्या गप्पाही घ्याव्यात, आणि प्रत्येकाला आवाज कशासाठी हवा आहे हे सांगून त्याची संमती घ्यावी.

किती आवाज लागेल, याचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक कोडव्हेक्टरच्या वाट्याला निदान ५० प्रशिक्षण-व्हेक्टर यावेत, हा व्यवहारातील साधा अंदाज. ४,०९६ कोडव्हेक्टर असतील तर २,०४,८०० व्हेक्टर हवेत, आणि २० मिलिसेकंदांच्या फ्रेममधून (आवाजाच्या छोट्या तुकड्यांमधून) सेकंदाला ५० व्हेक्टर मिळतात, म्हणून ४,०९६ सेकंद, म्हणजे सुमारे ६८ मिनिटे निव्वळ बोलणे लागते. शांततेच्या फ्रेम वगळल्यावर एवढे उरावे यासाठी दोन तासांच्या आसपास मुद्रण हाताशी ठेवावे. शेवटी, काही वक्ते पूर्णपणे बाजूला काढून चाचणीसाठी राखावेत. एकाच वक्त्याची काही वाक्ये प्रशिक्षणाला आणि काही चाचणीला वापरली, तर निकाल खोटा चांगला दिसतो.

दुसरी पायरी: वर्णपटाचा आकार दहा आकड्यांत

प्रत्येक फ्रेमवर हॅमिंग विंडो लावावी, ऑटोकोरिलेशन काढावे आणि लेव्हिन्सन-डर्बिन पद्धतीने दहाव्या श्रेणीचे एलपीसी गुणक (मागच्या सॅम्पलांवरून पुढचे सॅम्पल वर्तवणारे आणि त्यातून वर्णपटाचा आकार सांगणारे दहा आकडे) मिळवावेत. शून्याव्या ऑटोकोरिलेशनला १.०००१ ने गुणून घेतल्यास गणित ढासळत नाही. हा छोटासा उपाय विसरू नये.

हे गुणक मात्र थेट क्वांटाइझ करू नयेत. त्यांतील थोडीशी चूकही पुनर्निर्मितीचा फिल्टर अस्थिर करू शकते आणि अस्थिर फिल्टरचा आवाज कानाला अक्षरशः टोचतो. फुमितादा इताकुरा यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या लाइन स्पेक्ट्रल फ्रीक्वेन्सी, म्हणजे एलएसएफ, यांनी हा प्रश्न सुटतो. एलपीसीच्या बहुपदीपासून एक सममित आणि एक विषमसममित अशा दोन बहुपदी तयार करतात. त्यांची मुळे एकक वर्तुळावर एकाआड एक येतात आणि त्या मुळांचे कोन म्हणजेच एलएसएफ. दहाही आकडे चढत्या क्रमाने, शून्य आणि पाय (π) यांच्या दरम्यान राहिले की फिल्टर स्थिर असल्याची हमी मिळते. शिवाय एका एलएसएफमधील चूक वर्णपटाच्या त्याच भागापुरती राहते, आणि पुढच्या सगळ्या युक्त्या या गुणधर्मावर उभ्या आहेत.

तिसरी पायरी: कोडबुक घडवणे

योसेफ लिंडे, आंद्रेस बुझो आणि रॉबर्ट ग्रे यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेली आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून एलबीजी म्हणून ओळखली जाणारी पद्धत आजही पहिली पसंती आहे. सर्व प्रशिक्षण-व्हेक्टरांची सरासरी काढावी. हे एक कोडव्हेक्टरचे कोडबुक झाले. त्या व्हेक्टरला साधारण एक टक्का वर आणि एक टक्का खाली ढकलून दोन करावेत. मग प्रत्येक प्रशिक्षण-व्हेक्टर जवळच्या कोडव्हेक्टरच्या गटात टाकावा, गटाच्या सरासरीला नवा कोडव्हेक्टर मानावे, आणि एकूण विकृतीतील (मूळ व्हेक्टर आणि त्यांचे कोडव्हेक्टर यांमधील एकूण चुकीतील) घट एक हजारांशाखाली येईपर्यंत हेच करत राहावे. त्यानंतर पुन्हा दुभाजन करावे. बारा वेळा दुभागले की ४,०९६ होतात.

दोन दुभाजनांच्या मधल्या फेऱ्यांत विकृती कधी वाढत नाही, म्हणून ती प्रत्येक फेरीला छापून पाहावी. तिथे एकदा जरी वाढलेली दिसली तर कोडमध्ये दोष आहे असे निश्चित समजावे. काही गट रिकामे पडतात. अशा वेळी सर्वांत गर्दीचा गट दुभागून त्याचा अर्धा भाग रिकाम्या जागी द्यावा. मिळणारे उत्तर सर्वोत्तम असेलच असे नाही, ते जवळपासच्या खळग्यात अडकलेले असू शकते, पण दुभाजनाने सुरुवात केल्यास ते बहुधा समाधानकारक असते.

चौथी पायरी: २४ बिटांचा हिशेब

आता मुख्य अडचणीकडे येऊ. अमेरिकेच्या १९९१ च्या एफएस-१०१६ मानकात एलएसएफ एकेक करून क्वांटाइझ होत आणि त्यासाठी फ्रेममागे ३४ बिट लागत. व्हेक्टर वापरून हेच काम २४ बिटांत करायचे आहे. पण २४ बिटांचे अखंड कोडबुक म्हणजे १,६७,७७,२१६ कोडव्हेक्टर. प्रत्येकात दहा आकडे आणि आकड्याला चार बाइट धरले तर ६७ कोटी बाइट स्मृती लागते, आणि सेकंदाला ५० फ्रेममध्ये सर्व अंतरे मोजायची तर सुमारे ८३९ कोटी गुणाकार करावे लागतात. त्याहून वाईट म्हणजे ५० व्हेक्टरांच्या हिशेबाने प्रशिक्षणाला ८३ कोटींहून अधिक व्हेक्टर हवेत, आणि तेवढे बोलणे गोळा करायला अनेक महिने अखंड मुद्रण करावे लागेल.

कुलदीप पालीवाल आणि कानपूरला जन्मलेले, बेल लॅब्जमध्ये कारकीर्द घडवलेले बिष्णू अटल यांनी १९९३ मध्ये याचे जे उत्तर प्रसिद्ध केले, ते मला अजूनही अभियांत्रिकी विवेकाचा नमुना वाटते. त्यांनी दहा एलएसएफचे पहिले चार आणि उरलेले सहा असे दोन भाग केले आणि प्रत्येकाला १२ बिट दिले. म्हणजे ४,०९६ कोडव्हेक्टरांची दोन लहान कोडबुके, एकूण ४०,९६० आकडे, सुमारे १६० किलोबाइट स्मृती आणि सेकंदाला वीस लाखांच्या आसपास गुणाकार. स्मृती आणि शोध, दोन्ही ४,०९६ पटींनी कमी झाले. दोन भागांमधला परस्परसंबंध यात वाया जातो हे खरे, पण एलएसएफमधील चूक आपल्या जागेपुरती राहत असल्याने किंमत सोसण्याजोगी ठरते. पहिले चार आकडे वेगळे काढण्यामागेही कारण आहे: खालच्या पट्टीतील पहिला-दुसरा फॉर्मंट तिथे असतो आणि कान त्याबाबत फार चोखंदळ असतो.

दुसरी वाट टप्प्याटप्प्याची आहे. पहिल्या कोडबुकने ढोबळ अंदाज घ्यावा, जी चूक उरली ती दुसऱ्याने, तरीही उरलेली तिसऱ्याने क्वांटाइझ करावी. सेकंदाला २,४०० बिटांच्या एमईएलपी कोडरमध्ये ७, ६, ६ आणि ६ बिटांचे असे चार टप्पे आहेत. ३२० कोडव्हेक्टरांत २५ बिटांचे काम होते. येथे प्रत्येक टप्प्यावर फक्त सर्वांत जवळचा व्हेक्टर धरून पुढे जाणे घातक असते, कारण पहिल्या टप्प्यावर दुसरा क्रमांक मिळवलेला उमेदवार अखेरीस अधिक जवळ पोहोचू शकतो. म्हणून प्रत्येक टप्प्याअंती आठ उत्तम उमेदवार जिवंत ठेवावेत आणि शेवटी त्यांतून निवड करावी.

नवख्यांनी आधी दोन भागांचा क्वांटायझर करावा, असा माझा सल्ला आहे. त्याची चूक शोधणे सोपे असते आणि निकाल ताडून पाहण्यासाठी प्रसिद्ध आकडे उपलब्ध असतात. एक दक्षता मात्र घ्यावी: दोन भाग स्वतंत्रपणे निवडल्यामुळे चौथा एलएसएफ पाचव्याच्या पुढे जाऊ शकतो आणि स्थिरतेची हमी मोडते. पहिला भाग ठरल्यावर दुसऱ्या भागात फक्त क्रम न मोडणारे उमेदवारच शोधावेत.

पाचवी पायरी: कानाला मान देणारे अंतर

दोन एलएसएफ जितके जवळ, तितका तिथे वर्णपटाचा सुळका टोकदार. म्हणून साध्या वर्ग-अंतराऐवजी वजनदार अंतर वापरावे. सर्वांत सोपे वजन असे: मागच्या शेजाऱ्यापासूनच्या अंतराचा व्यस्त आणि पुढच्या शेजाऱ्यापर्यंतच्या अंतराचा व्यस्त, यांची बेरीज. पालीवाल आणि अटल यांनी याव्यतिरिक्त नवव्या आणि दहाव्या एलएसएफचे महत्त्व अनुक्रमे ०.८ आणि ०.४ ने उतरवले, कारण वरच्या पट्टीत कान कमी बारकाईने ऐकतो. शोधात वजने वापरली तर प्रशिक्षणातही गटाची साधी सरासरी न घेता वजनदार सरासरी घ्यावी. हे न केल्यास एलबीजीची विकृती उतरण्याची हमी नाहीशी होते.

वेगासाठी दोन युक्त्या पुरेशा आहेत. अंतराची बेरीज मिती-मितीने करत असताना ती आतापर्यंतच्या किमान अंतरापुढे गेली, की तो उमेदवार तिथेच सोडावा. उत्तर तेच राहते आणि बरेच गुणाकार वाचतात. पायथॉनमध्ये नमपाय वापरत असाल तर ही युक्ती उलट हळू पडते. तिथे वर्गाचा विस्तार करून अंतर दोन मॅट्रिक्स-गुणाकारांत बसवावे, त्यासाठी कोडव्हेक्टरांचे घटकनिहाय वर्ग आधीच काढून ठेवावेत.

सहावी पायरी: मोजणे, आणि मग ऐकणे

मूळ आणि क्वांटाइझ केलेल्या एलपीसी वर्णपटांमधील डेसिबेल-फरकाच्या वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घ्यावे; ही त्या फ्रेमची वर्णपट-विकृती. राखून ठेवलेल्या वक्त्यांवर तिची सरासरी १ डेसिबेलच्या आसपास असावी, २ ते ४ डेसिबेलमधल्या फ्रेम दोन टक्क्यांहून कमी असाव्यात आणि ४ च्या वर एकही नसावी. या तीन अटी एकत्र पाळल्या गेल्या तर क्वांटायझेशन कानाला जाणवत नाही, असे मानले जाते.

सरासरीवर समाधान मानू नये. २ डेसिबेलच्या वर गेलेल्या फ्रेम वेगळ्या काढून त्या कोणत्या ध्वनीच्या आणि कोणत्या वक्त्याच्या आहेत, हे पाहावे. त्या एकाच मुलाच्या आवाजातील किंवा केवळ ‘ळ’ आणि ‘ण’च्या असतील, तर कोडबुक मोठे करण्यापेक्षा पहिल्या पायरीकडे परत जाऊन तसा आवाज वाढवणे हाच उपाय आहे. आकडे समाधानकारक आल्यावर हेडफोन लावून मूळ आणि क्वांटाइझ केलेली वाक्ये न सांगता उलटसुलट क्रमाने मित्रांना ऐकवावीत.

शेजारच्या फ्रेमचा आधार

स्वर चालू असताना लागोपाठच्या फ्रेम सारख्या असतात, त्यामुळे मागच्या फ्रेमवरून अंदाज बांधून फक्त फरक क्वांटाइझ केला तर आणखी काही बिट वाचतात. जी.७२९ दहा मिलिसेकंदांच्या फ्रेममागे एलएसएफसाठी केवळ १८ बिट देते, ते याच बळावर. पण पॅकेट हरवले तर चुकीचा अंदाज पुढे वाहत जातो. म्हणून जी.७२९ मध्ये मागच्या पुनर्निर्मित मूल्यांऐवजी मागच्या चार फ्रेमच्या क्वांटाइझ केलेल्या फरकांवरून अंदाज बांधतात. चूक चार फ्रेमनंतर आपोआप विरते. पहिल्या प्रकल्पात हा भाग सोडला तरी चालेल.

संगीतासाठी वेगळी वाट

बोलण्यामागे एकच स्वरमार्ग असतो, संगीतामागे सतार, तबला, हार्मोनियम आणि सभागृहाचा घुमार एकाच वेळी असू शकतो. एवढ्या विविधतेसाठी कोडबुक शिकवण्यापेक्षा नियमाने तयार होणारे कोडबुक बरे. २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या ओपस कोडेकच्या संगीताच्या भागात टॉमस फिशर यांनी १९८६ मध्ये मांडलेले पिरॅमिड व्हेक्टर क्वांटायझेशन वापरले जाते. प्रत्येक पट्टीची ऊर्जा वेगळी पाठवतात आणि पट्टीचा आकार ठरावीक संख्येच्या पूर्णांक स्पंदांच्या मांडणीने दाखवतात. आठ मितींत चार स्पंद चिन्हांसह मांडण्याच्या २,८१६ रीती आहेत, म्हणजे साडेअकरा बिटांच्या आत काम होते, आणि ही यादी कुठेही साठवावी लागत नाही. मांडणीवरून क्रमांक आणि क्रमांकावरून मांडणी गणिताने काढता येते. ऊर्जा स्वतंत्रपणे जपल्यामुळे बिट कमी पडले तरी पट्टी पोकळ होत नाही.

न्यूरल कोडेककडे जाणाऱ्यांसाठी

२०२१ चे साउंडस्ट्रीम आणि २०२२ चे एनकोडेक या न्यूरल नेटवर्कने आवाज दाबणाऱ्या कोडेकांच्या गाभ्याशी चौथ्या पायरीतील टप्प्याटप्प्याचेच क्वांटायझेशन आहे. एनकोडेकच्या २४,००० सॅम्पलच्या रूपात सेकंदाला ७५ व्हेक्टर निघतात. १,०२४ नोंदींची आठ कोडबुके लावली की ७५ गुणिले ८ गुणिले १०, म्हणजे सेकंदाला ६,००० बिट होतात. एलबीजीतील रिकाम्या गटांची अडचण तिथे मृत नोंदींच्या रूपाने भेटते आणि उपायही त्याच वळणाचा असतो: बराच काळ न वापरलेली नोंद काढून तिथे चालू बॅचमधील एखादा व्हेक्टर बसवतात. तयार मॉडेलवर मराठी आवाज चालवून पाहताना प्रत्येक कोडबुकमधील कोणती नोंद किती वेळा निवडली गेली याचा तक्ता आधी काढावा, आणि तोच तक्ता इंग्रजी आवाजावर काढून दोन्ही शेजारी ठेवावेत. मराठीत काही मोजक्या नोंदींवरच गर्दी दिसली, तर पुन्हा प्रशिक्षण कोठून सुरू करायचे ते तिथेच कळते.